थोरली बसव

आमच्या दुकानात प्रोसेसरला त्याच्या खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. डब्यावर आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ असते. त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की गिऱ्हाईकही गोंधळतं आणि दुकानदारही. म्हणून माझ्या सासऱ्यांनी दोनच नावं पाडली होती. सर्व्हरमध्ये बसते ती थोरली. टेबलावरच्या साध्या कॉम्प्युटरमध्ये बसते ती धाकटी. सासरे गेले, नावं राहिली.

दोघी सख्ख्या बहिणी. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या, मापानं सारख्या, एकाच खोबणीत बसणाऱ्या. पण स्वभाव निराळे. धाकटी चपळ, चटकन तापणारी आणि हौशी. पडद्यावर चित्र काढायची सोय तिच्या अंगातच असते. थोरलीच्या अंगात ती नाही. पडद्यावर काही दिसायला हवं असेल तर तिच्या जोडीला वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावं लागतं. धावही तिची जरा बेताची. पण ती महिनोन्महिने डोळा न मिटता चालते, आणि मुख्य म्हणजे तिचा मेमरीवर विश्वास नसतो. मेमरीनं दिलेला प्रत्येक आकडा ती पडताळून घेते. एखादा बिघडलेला निघालाच तर जागच्या जागी नीट करते आणि पुढे जाते, कोणाला कळतही नाही. धाकटी काही विचारत नाही. हातात पडेल ते खरं मानते.

मी त्या घरची धाकटी सून, आणि जाऊबाई थोरली. सासऱ्यांना याची फार गंमत वाटायची. "थोरली कपाटात आहे का गं?" असं त्यांनी दुकानातून ओरडून विचारलं की जाऊबाई फणकारायच्या, "मी कशाला जाऊन बसू कपाटात?"

जोडणीचं टेबल माझं होतं. लग्नाआधीही मी हेच काम करत होते, आणि सासऱ्यांनी ते माझ्याकडून कधी काढून घेतलं नाही. खिडकीपाशी, उजेडात, पायाखाली रबरी चटई, मनगटाला अंगातली वीज उतरवायचा पट्टा. तिथं बसलं की मला जगाचा विसर पडायचा. पोट दिसायला लागलं तेव्हा खुर्ची जरा मागे सरकवली, एवढाच काय तो फरक.

तेव्हाच काचवाल्या बाईंचं काम आलं. गावाबाहेर त्यांचा चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना. डॉक्टरांनी दिलेले नंबर सर्व्हरमध्ये जातात, सर्व्हर घासणाऱ्या यंत्रांना सांगतो की अमुक काच एवढी जाड, तमुक काचेचा तिरपा कोन एवढा. बाई स्वतः आल्या होत्या. आवाज खणखणीत, बोलणं मोजकं. "मला वेग नको," म्हणाल्या. "चूक नको."

"मग थोरलीच लागेल," मी म्हणाले.

मी थोरली बसवली. माझ्या हातानं. तिच्याबरोबर चालते ती मेमरी लावली, जिच्यावर आठ तुकड्यांच्या जोडीला नववा तुकडा असतो, पडताळणीपुरता. चित्रासाठी कार्ड लावलं. झाकण बंद केलं आणि घरी जाऊन पाय वर करून पडले, कारण पाय सुजून खांबासारखे झाले होते. मशीन पोचवायचं काम दुसऱ्या दिवशी भाऊजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचं होतं.

नव्या सर्व्हरवर पहिला चष्मा बाईंनी स्वतःच्या आईचा बनवला. कौतुकानं. म्हातारीनं तो घातला, जिना उतरायला गेली, आणि पायरी जिथे दिसत होती तिथे ती नव्हती. मनगट मोडलं.

बाई दुकानात आल्या तेव्हा चष्मा त्यांच्या मुठीत होता. "उजव्या डोळ्याचा कोन वीस अंश! कागदावर वीस, आम्ही टाकले वीस. आणि काच घासली गेली चौऱ्याऐंशीवर! वीसच्या जागी चौऱ्याऐंशी! हे आकडे एकमेकांच्या शेजारी तरी आहेत का?"

मी तोंड उघडायच्या आत भाऊजी पुढे झाले. हात जोडून, मान कलती करून. "बाई, खोटं कशाला बोलू? धाकटीमुळे झालं हे. हिची अवस्था बघताय ना? लक्ष सगळं पोटाकडे. प्रोग्राम चढवताना घोळ घातलाय कुठेतरी. आजपासून तिला टेबलावर बसवणार नाही. मशीन मी स्वतः ठीक करून देतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घरी बसायचं मग. लोकांच्या डोळ्यांशी खेळ कशाला?"

खरंच घोळ घातला असेन का, अशी शंका आधी माझीच मला आली. त्या दिवसांत मी मिठाच्या बरणीत साखर भरून ठेवली होती, ते आठवलं. जाऊबाईंनी ती बरणी आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवली. "हिच्या हातात सर्व्हर दिला होता यांनी, बघा." माझी खुर्ची भाऊजींनी घेतली. पट्टासुद्धा. त्यांच्या मनगटाला तो होत नव्हता, तर टेबलाच्या पायाला अडकवून ठेवला.

मग टिंबू झाली. एवढीशी, तांबडीलाल, मुठी वळलेली. तिच्यापुढे बाकी सगळं जग काही दिवस धूसरच झालं. पण दूध पाजताना डोकं मोकळं असतं, आणि मोकळ्या डोक्यात ते दोन आकडे येऊन बसायचे. वीस, चौऱ्याऐंशी. घोळ घातला तर घातला, पण असा कसा?

टिंबू हसायला लागली तेव्हा मी तिच्या बोटांवर आकडे म्हणायचे. इतरांची मुलं एक दोन तीन ऐकतात. माझी बिचारी कॉम्प्युटरचे आकडे ऐकायची. करंगळी धरून एक, पुढच्या बोटाला दोन, मग चार, आठ, अंगठ्याला सोळा. मग दुसरा हात: बत्तीस, चौसष्ट. दर बोटाला दुप्पट. कॉम्प्युटरच्या आत असंच असतं, बोट उभं किंवा बोट मिटलेलं, आणि उभ्या बोटांची बेरीज म्हणजे आकडा. "वीस कर बघू," मी तिला म्हणायचे, आणि चारचं आणि सोळाचं बोट उभं करायचे. ती खिदळायची. एका दुपारी असंच वीस केलं, आणि तिनं दुसऱ्या हाताचं एक बोट आपणहून ताठ केलं. चौसष्टचं.

वीस आणि चौसष्ट. चौऱ्याऐंशी.

मी तिचं ते बोट धरून कितीतरी वेळ बसले. हा माणसाचा घोळच नव्हता. माणूस वीसचे बारा करतो, दोनशे करतो. सहा बोटं जागच्या जागी ठेवून एकच बोट उभं करणारी चूक फक्त मेमरीची. उष्णतेनं होते, विजेच्या हेलकाव्यानं होते, कधी कशानं झाली ते कळतही नाही. आणि नेमकी तीच चूक पकडायला तर थोरली असते! तिनं ते बोट तिथल्या तिथे मिटवलं असतं. तिनं मिटवलं नाही, म्हणजे ती तिथे नव्हतीच. मी घरी पाय वर करून पडले होते तेव्हा कोणीतरी झाकण उघडलं होतं, महागडी थोरली काढून दुसरीकडे विकली होती, आणि तिच्या जागी धाकटी बसवली होती. कार्ड तसंच ठेवलं, म्हणजे वरून कोणाला शंका नको. नऊ तुकड्यांची मेमरीही तशीच. नववा तुकडा शोभेला.

आणि भाऊजी काय म्हणाले होते? धाकटीमुळे झालं हे. अक्षरशः खरं बोलला होता तो माणूस. माझ्याकडे बोट दाखवून.

मी एवढ्या जोरात हसले की टिंबू दचकून रडायला लागली.

नवऱ्याला सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. तो दुसरीकडे नोकरी करतो, दुकानाच्या भानगडीत पडत नाही, आणि भावापुढे त्याची वाचा बसते. "पुरावा काय?" म्हणाला.

"मशीन उघडलं की दिसेल."

"मशीन त्यांच्या कारखान्यात. सील दादाचं. तुला तिथं उभं तरी करतील का? आणि पडद्यावर तर थोरलीचंच नाव येतं, मी पाहिलंय."

"नाव लिहून बदलता येतं. तुझ्या दादाला तेवढं नक्की येतं."

"जाऊ दे ना आता. बाळाकडे बघ."

बाळाकडेच बघत होते मी. तिच्या काना-नाकाकडे, त्या बोटाकडे. ही मोठी झाल्यावर हिला कोणीतरी सांगणार, तू पोटात होतीस ना, तेव्हा तुझ्या आईनं एका म्हातारीला पाडलं. माझं सोडा. पोटातल्या जिवावर आळ घेतला होता त्यांनी. मी गप्प बसले. पण डूख धरून बसले. भाऊजींच्या ताटात वाढताना, त्यांच्या चहात साखर ढवळताना, रोज.

तेवढ्यात कळलं की काचवाल्या बाई दुसरा कारखाना काढताहेत आणि सगळी मशीनं आमच्याकडूनच घेणार आहेत. पहिलं बिघडलेलं भाऊजींनी न कुरकुरता 'दुरुस्त' करून दिलं, म्हणजे मेमरी बदलून दिली, त्यावर त्या खूश होत्या. नमुन्याचं मशीन बघायला त्या दुकानात येणार होत्या. भाऊजी स्वतः गाडी घेऊन त्यांना आणायला गेले.

मी टिंबूला झोळीत घालून छातीशी बांधलं आणि निघाले.

"तमाशा करू नकोस," नवरा फोनवर म्हणाला.

"तमाशा नाही रे. तपासणी."

दुकानात जाऊबाई एकट्या होत्या. नमुन्याचं मशीन मधल्या टेबलावर, पुसूनपासून, पडद्यावर आमच्या दुकानाचं चिन्ह झळकत होतं. मी सरळ जाऊन मालकाच्या खुर्चीत बसले, कारण पाठ दुखत होती आणि दुसरी खुर्ची नव्हती.

जाऊबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "तू? आज? अगं, बाई येताहेत!"

"म्हणूनच आले, ताई."

त्यांनी पाठ वळवली आणि भराभर फोनवर टाइप केलं. उत्तर आलं तसा त्यांचा चेहरा उजळला. माझ्यापुढे फोन नाचवत म्हणाल्या, "हे बघ. मी काही माझ्या मनानं सांगत नाहीये. यांचाच हुकूम आहे."

मी वाचलं.

वर जाऊबाईंचा प्रश्न: धाकटी येऊन बसलीये. बाई यायच्यात ना? काय करू?

खाली भाऊजींचं उत्तर: काढ तिला लगेच. थोरली बसव. बाई आज बारकाईनं बघणार आहेत.

मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझ्या कानशिलांत आग झाली. दुसऱ्यांदा ती विझली, आणि तिच्या जागी काहीतरी थंडगार, गोड असं पसरलं. जाऊबाईंनी माझ्याविषयी विचारलं होतं. भाऊजींनी प्रोसेसरविषयी सांगितलं होतं! त्या माणसाच्या डोक्यात 'धाकटी बसलीये' म्हटल्यावर सून येतच नव्हती. मशीनच्या पोटात काय बसलंय तेवढंच येत होतं. खणात एक खरी थोरली कायम का ठेवलेली असायची ते आता कळलं: कोणी फारच खोलात शिरलं तर दाखवायला. खोबणीची खीळ उचलून ती कशी बदलायची, हे त्यांनी जाऊबाईंना शिकवून ठेवलं होतं. ते करायला सांगत होते ते.

खण माझ्या कोपरापासून हातभर लांब होता. एका वाक्याचं काम होतं. 'ताई, ते मशीनचं म्हणताहेत.' जाऊबाई अगदीच वाईट नव्हत्या. बाळंतपणात त्यांनी माझं डोकं चेपून दिलं होतं. पण बरणीही त्यांनीच फिरवली होती.

मी जीभ दातांखाली धरली आणि उठले. "बसा ताई. तुमचीच खुर्ची."

त्या बसल्या. पर्समधून आरसा काढून ओठ रंगवले, केस सारखे केले, आणि फोनवर लिहिलं. लिहिताना मोठ्यानं म्हणत होत्या, तशी सवयच आहे त्यांना. "धाकटी काढली. थोरली बसली." पलीकडून अंगठा आला.

मी बाहेर, दाराशेजारच्या पायरीवर जाऊन बसले. टिंबू जागी झाली होती. झोळीतून डोकं बाहेर काढून रस्त्याकडे बघत होती, जसं काही तिलाही कोणाची वाट बघायची होती. तिच्या टाळूचा वास घेत मी गाडीची वाट पाहिली.

बाई उतरल्या आणि पहिल्यांदा त्यांना मीच दिसले. थबकल्या. "तूच ना ती?" मग टिंबूकडे पाहून, "झालं वाटतं बाळ. आता तरी लक्ष ठिकाणावर आहे का?"

"आहे बाई. म्हणून सांगायला आले. मशीन घ्याल ते घ्या. पण घ्यायच्या आधी ग्राफिक्स कार्ड काढून पडदा लावून बघा."

भाऊजी गाडीला कुलूप लावून धावतच आले. "अगं, तू इथे काय करतेस? बाई, हिच्याकडे लक्ष देऊ नका. लहान बाळ आहे, झोप नसते बिचारीला."

"कार्ड काढल्यानं काय होतं?" बाईंनी त्यांनाच विचारलं.

क्षणभर ते अडखळले. मग, मला वाटतं, त्यांना तो अंगठा आठवला. थोरली बसली. छाती फुगली. इतकी चांगली संधी आयती चालून आल्यावर कोण सोडेल? धाकटी सून पुन्हा एकदा तोंडावर आपटणार, तीही गिऱ्हाइकासमोर.

"या आत," ते म्हणाले. "हिच्या मनाची शांती होऊ दे. तूही ये गं. बघ डोळे भरून."

आत जाऊबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी बाईंना हसून मान लववली. भाऊजींनी मशीन बंद केलं आणि मास्तरांसारखे समजावायला लागले. "हे बघा बाई. साध्या कॉम्प्युटरमधल्या प्रोसेसरला चित्र काढायची सोय अंगातच असते. सर्व्हरच्या अस्सल प्रोसेसरला नसते. म्हणून हे कार्ड. आता मी कार्ड काढतो आणि पडद्याची वायर खाली, थेट बोर्डाला लावतो. अस्सल असेल तर पडदा काय राहील? काळा. ठार काळा. चित्र उमटलं तर समजा, साधा प्रोसेसर लावून फसवलं तुम्हाला."

"तुम्हीच म्हणताय हे," बाई म्हणाल्या.

"मीच म्हणतो. छातीठोक."

मी इतके दिवस तोंडपाठ केलेलं भाषण त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं केलं. मला काही करायलाच ठेवलं नाही.

त्यांनी स्क्रू काढला, कार्ड उपसलं, बाईंच्या हातात धरायला दिलं. वायर खाली लावली. बटण दाबताना त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

पंखा घुमला. पडदा काळा होता. भाऊजी हसले. मग पडद्यावर आमच्या दुकानाचं चिन्ह उमटलं, छान, रंगीत, कडेला नक्षीसकट.

टिंबूला रंगीत काहीही आवडतं. ती झोळीतून हात काढून त्याच्याकडे झेपावली.

भाऊजींनी वायर हलवून पाहिली. मग जाऊबाईंकडे वळले, आणि एवढे भडकले होते की कोण ऐकतंय याचं भान राहिलं नाही. "थोरली बसवली नाहीस तू?"

"बसलीये की!" जाऊबाई म्हणाल्या. "मी काय उभी आहे का?"

"तू नाही! तू कशाला बसशील? थोरली! खणातली!"

"खणात मी कशी बसेन? अहो, शुद्धीवर आहात ना? तुम्हीच लिहिलंत, धाकटीला काढ, थोरली बसव. तिला काढलं, मी बसले. आता काय नाचू?"

"अगं, मशीनमध्ये! मशीनमध्ये बसवायची होती! मी येईपर्यंत!"

ते वाक्य तोंडातून सुटलं आणि त्यांनाच ऐकू आलं. काचवाल्या बाई हातातलं कार्ड बघत होत्या. त्यांनी ते हळूच टेबलावर ठेवलं.

"मी येईपर्यंत बसवायची होती," त्या म्हणाल्या. "आणि मी गेल्यावर काढायची होती का?"

"तसं नाही बाई... जोडणीत चुकून राहिलं असेल... माणूस आहे..."

आता मी बोलले. "भाऊजींचं लक्ष हल्ली ठिकाणावर नसतं, बाई. घरात लहान बाळ आहे ना."

मला वाटलं होतं हे म्हणताना माझा आवाज कापेल. नाही कापला. भाऊजींच्या मानेवर लाल डाग उमटत गेले आणि मी ते एखादी वेल वर चढताना बघावी तसे सावकाश बघितले.

मग मी बाईंना वीस आणि चौऱ्याऐंशीची गोष्ट सांगितली. टिंबूच्या बोटांवरच सांगितली, कारण मला दुसरी कुठली पद्धत येत नाही. चारचं बोट, सोळाचं बोट, आणि आपणहून उभं राहिलेलं चौसष्टचं. बाई वाकून बघत होत्या. टिंबूनं तेच बोट त्यांच्या नाकपुडीत घालायचा प्रयत्न केला.

त्यांनी फोन काढला आणि कारखान्यातल्या फोरमनला लावला. "ऐक. सर्व्हर बंद कर. झाकण उघड. सील? फोड सील. माझं मशीन आहे." फोन त्यांनी माझ्या हातात दिला. मी त्याला सांगत गेले, कुठला स्क्रू, कुठलं कार्ड, वायर खालच्या भोकात. तो माणूस धांदरट होता, दोनदा चुकला. तोवर दुकानात कोणी हललं नाही. जाऊबाई तेवढ्या खुर्चीतून उठून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"मॅडम," फोनमधून आवाज आला, "आलं की चित्र. झकास दिसतंय. चांगलं झालं ना?"

"फार चांगलं झालं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

भाऊजी माझ्याजवळ सरकले. दातांतल्या दातांत म्हणाले, "घरातलं घरात राहू दे. तूही याच घरची आहेस. सांग त्यांना काहीतरी. ऑर्डर गेली तर सगळ्यांचंच जाईल."

बाई दाराकडे वळल्याच होत्या. मी म्हणाले, "बाई, मशीनं दुसरीकडून घेतलीत तरी माझी तक्रार नाही. माझ्याकडून घेणार असाल तर प्रत्येक मशीन मी जोडीन, तुमच्यासमोर कार्ड काढून काळा पडदा दाखवीन, आणि सील माझं असेल. पण त्याच्या आधी भाऊजी तुमच्या आईंकडे येतील आणि काय केलं ते सांगतील. माझ्यासमोर. बाळासमोर."

"मी?" भाऊजी म्हणाले. "त्या म्हातारीला काय कळणार त्यातलं?"

"कळेल असं सांगा," बाई म्हणाल्या. "गाडी काढा. आत्ता."

बाईंच्या आई खिडकीशी बसल्या होत्या. बारीक, ताठ, दोन्ही डोळ्यांनी माणसाला आरपार बघणाऱ्या. डाव्या कानात श्रवणयंत्र. मोडलेलं मनगट जुळलं होतं पण जरा वाकडंच. मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. त्यांनी काही न विचारता टिंबूचा पाय आपल्या हातात घेतला आणि धरून ठेवला.

भाऊजी समोर उभे. टोपी नव्हती, नाहीतर ती हातात फिरवली असती. "आजी, ते चष्म्याचं... ते धाकटीमुळे झालं होतं."

"कोण धाकटी?" आजींनी माझ्याकडे पाहिलं. "ही?"

"ही नाही. म्हणजे, धाकटी म्हणजे तो प्रोसेसर. ही थोरली बसवून गेली होती, मग..."

"कोण कुठे गेली? नीट बोला हो."

दुकानातले शब्द तिथे चालेनात. मी बघत होते. ते एकेक शब्द उचलत होते आणि टाकत होते. नावं काढून घेतली तर उरत होतं ते एवढंच, आणि ते म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती. बाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"मी," भाऊजी शेवटी म्हणाले. जमिनीकडे बघत, अगदी हळू. "हिनं मशीन बरोबर जोडलं होतं. मी त्यातला चांगला प्रोसेसर काढून हलका घातला. त्यानं आकडा चुकवला. तुम्ही पडलात. आणि मी हिचं नाव पुढे केलं."

आजींची माझ्याकडे असलेली बाजू फक्त मला दिसत होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. अक्षर न् अक्षर. ओठाचा कोपरा हलला होता. मग त्यांनी वाकड्या मनगटाचा तो हात सावकाश कानापाशी नेला आणि यंत्राची कळ खटकन बंद केली.

"ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं सांगा. पहिल्यापासून."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.

"पहिल्यापासून म्हणताहेत," मी म्हणाले, आणि टिंबूला नीट दिसावं म्हणून मांडीवर उभी केली.